आधी सुटला की लवकर सुटला?

एक फूटपट्टी घ्या. कोणाला तरी ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायला सांगा आणि आपला अंगठा व तर्जनी शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न टेकवता, उघडी ठेवा. समोरच्याने न सांगता पट्टी सोडली की पकडायची. परवा भाचीबरोबर हा खेळ दहा-बारा वेळा केला. माझी बोटं बहुतेक वेळा १८-२० सेंटिमीटरच्या खुणेवर मिटली. २० सेंटिमीटर पडायला पट्टीला ०.२ सेकंद लागतात, म्हणजे माझा प्रतिसादाचा वेळ तेवढा. भाचीने एकदा ४ सेंटिमीटरवर पकडली आणि आरडाओरडा केला. पण मी पट्टी सोडायच्या आधीच तिची बोटं मिटायला लागली होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आर्मिन हारी या जर्मन धावपटूची सगळी कारकीर्द या एका शंकेभोवती फिरली. हा गडी बंदुकीचा आवाज ऐकून लवकर सुटतो, की आवाजाच्या आधीच सुटतो?

हारीचा जन्म १९३७ चा, जर्मनीच्या पश्चिम सीमेवरच्या झारलांड या कोळसा खाणींच्या मुलखातला. १९५८ मध्ये तो युरोपचा १०० मीटरचा विजेता झाला आणि त्याच वर्षी फ्रीडरिक्सहाफेन इथे त्याने १०.० सेकंदांची वेळ दिली. तोवर एवढ्या वेळात १०० मीटर धावल्याची अधिकृत नोंद जगात कोणाच्याच नावावर नव्हती. ही नोंदही झाली नाही. मैदान मोजलं तेव्हा धावमार्गाचा उतार १०० मीटरमागे ११ सेंटिमीटर निघाला. परवानगी १० ची. या एका सेंटिमीटरने त्याला किती मदत केली असेल? ७० किलोचा माणूस एक सेंटिमीटर खाली आला तर गुरुत्वाकर्षणाकडून त्याला जेमतेम ७ ज्यूल ऊर्जा मिळते. पूर्ण वेगात धावताना त्याच्या अंगात ४,००० ज्यूलच्या आसपास गतिज ऊर्जा असते. म्हणजे शंभर रुपयांत अठरा पैसे. पण नियम तो नियम.

मग २१ जून १९६०, झुरिक. पुन्हा १०.०! आणि पुन्हा गडबड: हारी आधी सुटला होता, आपण शर्यत थांबवायला हवी होती, असं सुरुवात करून देणाऱ्या पंचाने कबूल केलं. हारीने हुज्जत घातली. पुन्हा धावायचं तर सोबत धावायला माणसं हवीत, तेव्हा दोघे तयार झाले. साधारण अर्ध्या तासाने, थकल्या पायांनी, तो परत धावला आणि घड्याळांनी परत १०.० दाखवलं. या वेळी विश्वविक्रम मान्य झाला.

त्याच शर्यतीची इलेक्ट्रॉनिक वेळ मात्र १०.२५ होती. पाव सेकंद गेला कुठे? तो घड्याळ धरणाऱ्यांच्या अंगठ्यात गेला. वेळ घेणारा पंच शेवटच्या रेषेपाशी असतो. बंदुकीचा आवाज १०० मीटर पार करून त्याच्यापर्यंत पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद घेतो, म्हणून तो आवाजाकडे कान न देता पिस्तुलाच्या धुराकडे बघतो. धूर दिसला की बटण दाबायचं, पण ते दाबायला त्यालाही माझ्या पट्टीसारखे ०.२ सेकंद लागतातच. शेवटी मात्र धावपटू समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा बरोबर वेळेवर पडतो. घड्याळ उशिरा सुरू, वेळेवर बंद. म्हणूनच पुढे हातघड्याळाच्या, म्हणजे हाताने चालू-बंद करायच्या घड्याळाच्या, १०० मीटरच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून तुलना करायची रीत पडली. इलेक्ट्रॉनिक घड्याळावर १० सेकंदांच्या आत धावणारा पहिला जर्मन, ओवेन अन्साह, त्यासाठी २०२४ साल उजाडावं लागलं: ९.९९.

रोममध्ये १ सप्टेंबर १९६० ला ऑलिंपिकची अंतिम शर्यत झाली. हारीच्या नावावर एक फॉल्स स्टार्ट, म्हणजे बंदुकीआधीच सुटण्याची चूक, लागला. आणखी एक झाला असता तर तो बाहेर. तरीही पुढच्या खेपेला तो सगळ्यांच्या आधी ब्लॉकमधून, म्हणजे सुटताना पाय रेटायच्या आधारातून, बाहेर होता. अमेरिकेच्या डेव्ह साइमने शेवटी रेषेवर अंग झोकून दिलं. हातघड्याळावर दोघेही १०.२, इलेक्ट्रॉनिक घड्याळावर हारी १०.३२, साइम १०.३५. हे अंतर फार तर एका फूटपट्टीएवढं.

आता मूळ शंकेकडे येऊ. आवाज कानात शिरल्यापासून मेंदूच्या खोडापर्यंत जायला १० मिलिसेकंदही लागत नाहीत. डोळा यापेक्षा संथ, कारण प्रकाशाचं विद्युतसंदेशात रूपांतर करण्यातच दृष्टिपटलाचा वेळ जातो. म्हणून शर्यत दिव्यापेक्षा आवाजावर सोडणं बरं. मेंदूकडून पायाच्या स्नायूपर्यंत हुकूम उतरायला आणखी ३० मिलिसेकंद, आणि मग स्नायू आकुंचन पावून ब्लॉकवर जोर बसेपर्यंत काही. मधे जो ‘निघू का’ हा निर्णय असतो, तिथे खरा वेळ जातो. सराव केलेला धावपटू बंदुकीआधीच्या ‘सेट’ या हुकमाच्या क्षणी हा निर्णय आधीच घेऊन बसलेला असतो, मोठा आवाज फक्त खटका ओढतो. तरी चांगले धावपटूही साधारण ०.१२ ते ०.१६ सेकंद घेतात.

आज ब्लॉकमध्ये दाबमापक असतात आणि ०.१ सेकंदाच्या आत जोर पडला तर फॉल्स स्टार्ट धरतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या यूजीनमधल्या जागतिक स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत डेव्हन ॲलन ०.०९९ ला निघाला म्हणून बाद झाला. सीमेच्या आत फक्त सेकंदाचा एक हजारावा भाग! ही सीमा खाली आणावी असं म्हणणारे संशोधक आहेत आणि मला त्यांचं पटतं. हारीच्या काळी तर एका पंचाचे कान-डोळे, एवढाच काय तो मापक. शक्यता अशी की तो खरोखरच चपळ होता आणि पंचाच्या लयीचा अंदाजही घेत होता. दोन्हींची सरमिसळ बाहेरून वेगळी करता येत नाही.

गंमत पुढे आहे. ८ सप्टेंबरला चार गुणिले शंभर रिले: चौघांनी पाळीपाळीने शंभर मीटर धावायचं आणि बॅटन ही नळी पुढच्याच्या हातात द्यायची. बेर्न्ड कुलमान, हारी, वाल्टर मालेनडॉर्फ, मार्टिन लाउअर, असा क्रम. जगात सर्वांत चपळ सुटणारा माणूस जर्मनीने दुसऱ्या टप्प्यावर ठेवला, जिथे बंदूकच नसते! तिथे धावपटू मागच्या साथीदाराकडे बघत उभा असतो; तो जमिनीवरच्या ठरलेल्या खुणेवरून गेला की निघायचं. कान नाही, डोळा. बॅटन मिळेपर्यंत पायांनी वेग पकडलेला असतो, म्हणूनच चौघांची मिळून ३९.५ सेकंदांची वेळ भरते, म्हणजे माणशी १० पेक्षा कमी.

त्या काळी पुढच्या धावपटूला २० मीटरच्या पट्ट्यातच उभं राहून, त्यातच वेग घेऊन, त्यातच बॅटन घ्यावं लागे. सेकंदाचा दहावा भाग आधी सुटलात तर मागच्यापासून जवळजवळ एक मीटर पुढे राहता, आणि पट्टा संपत येतो. अमेरिकेच्या रे नॉर्टनचं हेच झालं. फ्रँक बडकडून बॅटन घेताना तो लवकर निघाला आणि बॅटन हातात आलं ते पट्ट्याबाहेर. अमेरिका ३९.४ मध्ये पहिली आली आणि बाद ठरली. १९२० पासून हे सुवर्ण अमेरिकेबाहेर गेलं नव्हतं, ते ३९.५ वाल्या जर्मनीला मिळालं. इथे पुन्हा सोडायला पंच नसतो, दुसरी संधीही नसते. जन्मभर ‘आधी सुटतो’ म्हणून बोल खाल्लेल्या हारीला दुसरं सुवर्ण मिळालं ते दुसरा कोणी आधी सुटल्यामुळे.

त्यानंतर तो फार धावला नाही. मोटार अपघातात गुडघा दुखावला, खर्चाच्या हिशोबावरून जर्मन ॲथलेटिक्स महासंघाशी वाजलं आणि १९६१ मध्ये, २४ व्या वर्षी, त्याने स्पाइक्स उतरवले.