लहान मुलांतील कार्डिॲक आउटपुट : इको-डॉप्लर मापन

हृदयाचे डावे निलय (डावा खालचा कप्पा) एका मिनिटात महाधमनीत जेवढे रक्त ढकलते, तेवढे त्या हृदयाचे कार्डिॲक आउटपुट. मुलांमध्ये ते मोजायला रोजच्या वापरात इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी तपासणीच आहे. नळी घालावी लागत नाही, क्ष-किरणांचा संबंध नाही आणि अतिदक्षता विभागात खाटेशीच तपासणी होते.

महाधमनीच्या झडपेखालचा मार्ग गोल धरून त्याचे क्षेत्रफळ काढतात. एका ठोक्यात त्यातून रक्ताचा स्तंभ किती सेंटीमीटर पुढे सरकतो, ते डॉप्लरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या तंत्राच्या, वेग-आलेखाखालच्या क्षेत्रावरून मिळते. याला ‘व्हीटीआय’ म्हणतात. क्षेत्रफळ गुणिले व्हीटीआय म्हणजे एका ठोक्याचे रक्त, आणि त्याला ठोक्यांच्या गतीने गुणले की मिनिटाचे. व्यास 1.2 सेंमी असेल तर क्षेत्रफळ 1.13 चौ. सेंमी, व्हीटीआय 18 सेंमी असेल तर दर ठोक्याला सुमारे 20 मिलि, गती 110 असेल तर मिनिटाला 2.2 लिटर. मुलांची चण वेगवेगळी, म्हणून हा आकडा शरीराच्या पृष्ठफळाने भागतात. 0.6 चौ. मीटरच्या मुलात उत्तर दर चौ. मीटरमागे मिनिटाला 3.7 लिटर येते; साधारण 3.5 ते 5.5 ठीक मानतात. नवजात बाळात मात्र दर किलोमागे मिनिटाला किती मिलि, असाच हिशेब करतात.

व्यास छातीच्या डाव्या कडेने घेतलेल्या लांब छेदात, चित्र झूम करून, झडप पूर्ण उघडी असताना, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. व्हीटीआयसाठी प्रोब हृदयाच्या टोकाशी नेऊन पाच कप्प्यांचे दृश्य आणतात आणि पल्स्ड डॉप्लरची (एकाच ठरावीक जागेचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरची) खिडकी, 2 ते 3 मिमीची, झडपेच्या लगेच खाली, व्यास घेतला त्याच पातळीवर ठेवतात. जागा बरोबर असेल तर आलेखावर झडप बंद होण्याची खूण दिसते, उघडण्याची दिसत नाही. आलेखाच्या दाट पट्ट्याची कड आखायची, बाहेरची पुसट झालर नाही. निदान तीन ते पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी.

सगळ्यात मोठा घोळ व्यासाचा. त्याचा वर्ग होतो, त्यामुळे 12 मिमीच्या जागी 13 वाचले की उत्तर 17 टक्क्यांनी फुगते; नवजात बाळाच्या 6 मिमीच्या मार्गात तोच एक मिलिमीटर 36 टक्क्यांची चूक करतो. म्हणून एकाच मुलाची तपासणी पुन्हा करताना पहिलाच व्यास कायम ठेवून फक्त व्हीटीआय आणि गती यांची तुलना करणे शहाणपणाचे. सलाइनचा बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेली मात्रा) दिल्यावर व्हीटीआय वाढला की नाही, हे एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

डॉप्लरचा ध्वनिकिरण आणि रक्तप्रवाह यांत कोन राहिला तर वेग कमी दिसतो: 20 अंशांना 6 टक्के, 30 अंशांना 13 टक्के. यंत्रातल्या कोन-दुरुस्तीवर भिस्त ठेवू नये, प्रोबच हलवावा. मूल रडत असेल तर गती आणि प्रवाह दोन्ही वाढतात. दूध पाजून, जेल कोमट करून, आईच्या मांडीवरच तपासावे.

जन्मजात दोष असेल तर हे माप कशाचे, हे आधी ठरवावे लागते. झडपेखाली अडथळा असेल तर वेग आधीच वाढलेला असतो आणि पद्धतच लागू पडत नाही. नवजात बाळाची डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद होणारी वाहिनी) उघडी असेल तर डाव्या निलयातून निघालेल्या रक्ताचा काही भाग फुप्फुसांकडे परततो, त्यामुळे आकडा भरपूर दिसूनही शरीराला रक्त कमीच पोचत असते. अशा वेळी उजव्या निलयाचा प्रवाह फुप्फुसधमनीपाशी मोजता येतो, पण दोन अलिंदांमधील (वरच्या कप्प्यांमधील) छिद्रातून रक्त उजवीकडे येत असेल तर तोही फुगतो. म्हणून अकाली जन्मलेल्या बाळांत वरच्या महाशिरेचा प्रवाह मोजण्याची पद्धत आली. डोक्याकडून आणि हातांकडून परतणारे रक्त या दोन्ही वाटांच्या आधीच तिथे मोजले जाते. मात्र ही शीर श्वासागणिक आणि ठोक्यागणिक आकार बदलते, तिचा छेद गोल नसतो, आणि व्यासाचा वर्ग इथेही करावा लागतोच.