विजेच्या बस आणि ‘वेट लीज’चा गुंता

मुंबईच्या रस्त्यांना विजेची गाडी नवी नाही. विजेवरची ट्राम १९०७मध्ये सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची सुटली. काही वर्षे वरच्या तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबसही धावली. पण ‘बेस्ट’च्या कंत्राटी ई-बसवरचा आजचा वाद कळायला २०१९पासून सुरुवात केलेली बरी.

त्या जुलैत बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले. बस स्वस्त आणि भरपूर असली की लोक दुचाकी घरी ठेवतील, हा हिशेब योग्यच होता. जादा गाड्या मात्र विकत न घेता ‘वेट लीज’वर आणायचे ठरले.

बातम्यांत याला नुसते ‘भाडेतत्त्वावर’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. वऱ्हाडासाठी गाडी ठरवावी तसे वाटते. ‘वेट लीज’ हा शब्द मूळचा विमान व्यवसायातला, कर्मचाऱ्यांसकट विमान भाड्याने घेण्याचा. इथे बस कंत्राटदाराची, देखभाल त्याची, चालकही त्याचाच. मार्ग, वाहक आणि तिकिटाचे पैसे बेस्ट उपक्रमाकडे. कंत्राटदाराला पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरचे. आत प्रवासी किती, याच्याशी त्याचे देणेघेणे नाही. रंग तोच लाल, त्यामुळे थांब्यावरच्या माणसाला यातले काही दिसत नाही.

विजेच्या बसशी याची गाठ घातली ती केंद्राच्या अनुदानाने. एप्रिल २०१९पासूनच्या टप्प्यात ई-बसचे अनुदान अशा कराराच्या गाड्यांनाच होते. उपक्रमाने स्वतः विकत घ्यायची म्हटले तर नाही. त्यामुळे कंत्राटावर बोट ठेवणारा ई-बसच्याच विरोधात आहे, असे वाटू लागले. तसे नव्हते. कामगारांशी त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम राखायचे ठरले होते. तो आकडा टिकवला नाही, ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी चूक.

त्याचे परिणाम पुढे दिसले. ऑगस्ट २०२३मध्ये कंत्राटी चालक पगारासाठी संपावर गेले आणि आगारांत गाड्या उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२४मध्ये कुर्ल्यात अशाच एका १२ मीटरच्या ई-बसने माणसे चिरडली. क्लच-गिअरच्या गाडीवर हात बसलेल्या चालकाला ई-बस किती दिवस शिकवायची आणि ते कुणी पाहायचे, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.

मे २०२५मध्ये किमान भाडे १० रुपये झाले, म्हणजे २०१९च्या बरोबर दुप्पट.