बँडविड्थ-मागणी आणि सेवा-गुणवत्ता

ब्रॉडबँड बिनतारी जाळ्यात ग्राहकाच्या उपकरणाने माहिती पाठविण्याआधी बेस स्टेशनकडे (जाळ्याच्या मनोऱ्यावरील केंद्राकडे) बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहण्याच्या क्षमतेतला वाटा, मागणे आणि बेस स्टेशनने ती सेवेची निकड पाहून वाटून देणे, या व्यवस्थेला बँडविड्थ-मागणी व्यवस्थापन म्हणतात. ग्राहकाकडे जायची माहिती बेस स्टेशनच्याच रांगेत उभी असते. ग्राहकाकडून यायच्या माहितीची रांग मात्र उपकरणात दडलेली असल्याने मागितल्यावाचून तिचा पत्ता लागत नाही.

आयईईई 802.16 म्हणजे वायमॅक्स या बिनतारी ब्रॉडबँड तंत्राच्या मानकात ही व्यवस्था विशेष बारकाईने बांधलेली आहे. मागणी एकेका जोडणीच्या नावे होते, मंजुरी मात्र सबंध उपकरणाला मिळते आणि आतली वाटणी उपकरण स्वतः करते. मागणी ‘वाढीव’ (आधीच्या मागणीत भर) किंवा ‘एकूण’ (सगळी गरज नव्याने) अशी दोन प्रकारची असते. वाढीव मागणी वाटेत हरवली, तर बेस स्टेशनचा हिशेब तेवढ्याने चुकतो. म्हणून उपकरणाने अधूनमधून एकूण मागणी कळवून तो दुरुस्त करावा लागतो. एवढी साधी तरतूद नसती, तर सारी वाटणी चुकीच्या आकड्यांवर चालली असती.

मागण्याची रीत सेवेनुसार बदलते. ठराविक गतीच्या आवाजाला न मागता नियमित वाटा मिळतो. व्हिडिओच्या जोडणीला बेस स्टेशन ठरावीक काळाने स्वतः विचारते. बोलण्यात मधे शांतता पडते तेव्हा वाटा कमी करता यावा म्हणून मानकाच्या 2005 च्या सुधारणेत आणखी एक सेवा-वर्ग आला. फाइल पाठविण्यासाठी किमान गतीची हमी पुरते. उरलेल्यांना सामाईक वेळेत मागणी टाकावी लागते; दोन मागण्या आदळल्यास प्रत्येक उपकरण यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करते आणि दर अपयशानंतर थांबण्याची मर्यादा, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, दुप्पट होते.

4जी जाळ्यातही तत्त्व हेच आहे : फोन आधी परवानगी मागतो आणि मग आपल्या रांगेची लांबी कळवतो. इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (मिरवणुकीतले देखावे) पाहायला लोटलेल्या गर्दीतून कोणी पुण्यातल्या आत्याला झांकीचा व्हिडिओ पाठवू लागला, तर तो बहुधा हमीविना चालणाऱ्या वर्गात जातो आणि अडकतो. त्याच फोनवर आधीच लागलेला व्होल्टी कॉल (4जी जाळ्यावरूनच होणारा आवाजी कॉल) मात्र सहसा टिकतो, कारण त्याच्या आवाजाला हमीची गती आणि 100 मिलिसेकंदांची विलंब-मर्यादा नेमून दिलेली असते. अशी हमी पेलण्यासाठी बेस स्टेशनला क्षमता संपत आल्यावर नवी हमीची जोडणी नाकारावी लागते.