बॉयलरवरचा काटा कागदावर कसा आला

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत महिन्याचा रिपोर्ट बनवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच पानावर मी हौसेने गेज चार्ट टाकला. अर्धगोल, लाल-पिवळा-हिरवा पट्टा, काटा ७२ वर. बॉयलर सांभाळणाऱ्या काकांनी तो कागद हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि विचारलं, "काऊन भाऊ, हा काटा वर चढून राहिला का उतरून राहिला?" चार्टात ते नव्हतंच.

काकांना तो प्रश्न पडणारच, कारण काटा मुळात त्यांच्याकडूनच आलाय. वाफेचा दाब पूर्वी काचेच्या नळीतल्या पाऱ्यावर मोजत. हवेच्या नेहमीच्या दाबाला पाऱ्याची उंची ७६० मिलिमीटर भरते. सातपट दाब मोजायचा तर नळी पाच मीटरहून उंच हवी. एवढी काच धडधडणाऱ्या इंजिनावर बसवणार कुठे? १८४९ मध्ये फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने यावर तोड काढून पेटंट घेतलं. धातूची नळी चपटी करून वाकवायची आणि एक टोक बंद करायचं. आत दाब वाढला की नळी किंचित सरळ होऊ बघते. तेवढीच हालचाल दांडी आणि दातेरी चाकातून तबकडीवरच्या काट्यापर्यंत पोचते. जत्रेतली गुंडाळीची पिपाणी फुंकल्यावर उलगडते ना, तसंच. दाबाच्या साध्या मीटरमध्ये आजही बहुतेक हीच नळी असते.

नागपुरात रेल्वे १८६७ मध्ये आली, आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. दोन्ही वाफेवर चालणारी. मिलच्या जागी आता मॉल उभा आहे. वाफेचं इंजिन बघायचं तर मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जावं लागतं. (तिथला गेज वेगळा. तो रुळांमधलं अंतर, अडीच फूट.) इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनला आकडा वाचायची फारशी गरज नसे. काटा लाल रेघेपासून किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला सरकतोय, हे एका नजरेत कळलं की पुरे, कारण फावडं त्याच्याच हातात असायचं.

पुढे मोटार आली. १९०२ मध्ये जर्मनीच्या ओटो शुल्झेने फिरत्या चुंबकावर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं. डॅशबोर्ड हा शब्द मात्र घोडागाडीचा. टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी. ती फळी मोटारीत मीटरची झाली आणि तिथून रिपोर्टचे चार्ट एकत्र दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली. साहेबाला गाडी चालवल्यासारखं वाटावं, अशी त्यामागे कल्पना असावी.

एक्सेलमध्ये तयार गेज चार्ट मिळत नाही, त्यामुळे आपण सगळे जुगाड करतो. डोनट चार्टची बेरीज २०० धरायची, त्यातला १०० चा तुकडा बिनरंगी ठेवायचा आणि चार्ट २७० अंशांनी फिरवायचा, म्हणजे खालचा अर्धा दिसेनासा होतो. काटा म्हणजे वर चढवलेल्या पाय चार्टमधली २ एवढ्या किमतीची बारीक फोड. अर्धा तास मोडतो, आणि एवढं करून दिसतो एकच आकडा.

याला शास्त्रीय आक्षेपही आहे. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच पट्टीवरची जागा डोळा जितकी अचूक वाचतो, तितका कोन वाचत नाही. डॅशबोर्डच्या मांडणीवर लिहिणाऱ्या स्टीफन फ्यू यांनी गेजला पर्याय म्हणून बुलेट ग्राफ काढला तो याच धर्तीवर: सरळ आडवी पट्टी, त्यावर उद्दिष्टाची खूण, जागाही कमी लागते. रंगांच्या पट्ट्यांची गोष्ट तर आणखी फसवी. हवेच्या गुणवत्तेचा आपल्याकडचा निर्देशांक (एक्यूआय) घ्या. ० ते ५०० मध्ये सहा गट, पहिले दोन पन्नास-पन्नासचे आणि पुढचे शंभरचे. तरी चित्रात सहाही फोडी सारख्याच काढल्या, तर १०० चा आकडा एक पंचमांशावर न दिसता एक तृतीयांशावर दिसतो. चांगल्या हवेचा काटाही उगाच पुढे गेलेला दिसतो.

मी काय केलं? साहेबांना अर्धगोलच आवडतो, म्हणून तो पहिल्या पानावर अजून आहे. त्याच्या खाली आता बारा महिन्यांची रेघ असते. काका कागद दुमडून तेवढीच बघतात.