650 डिग्रीचा डबा आणि 100 डिग्रीचं इंजिन

जुनी गाडी रिस्टोर करणारे बरेच जण इंजिनचा रंग घेताना डब्यावरचा आकडा बघतात, 650 डिग्री लिहिलंय ना मग हाच भारी, आणि मग दोन महिन्यांनी पेट्रोलचा एक थेंब सांडला की ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडावरचा, रंग बोटाला लागतो. म्हणतात माल डुप्लिकेट होता. नाही हो, माल चांगला असतो, जागा चुकलेली असते!

यामागची केमिस्ट्री मला फार आवडते. रंग वाळणं आणि रंग पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या एनॅमलमध्ये थिनर उडून जातो तेव्हा रंग नुसता वाळतो, मग हवेतला ऑक्सिजन त्यातल्या तेलाच्या दुहेरी बंधांना धरून साखळ्या एकमेकींना जोडत जातो आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी पक्कं जाळं तयार होतं. जास्त तापमानाच्या रंगात मात्र सिलिकोन रेझिन (रंगाला धरून ठेवणारा पदार्थ) असतं, त्याचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनचा. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण 350 किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजनला 450च्या आसपास, म्हणून तो आगीत टिकतो. पण या साखळ्यांच्या बाजूला असलेले हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) एकमेकांशी जुळून पाण्याचा रेणू बाहेर टाकतात तेव्हाच जाळं विणलं जातं, आणि ते नीट व्हायला बहुतेक रंगांना 200 डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग, 400-500 डिग्रीला सहज जातो, तिथे हा रंग आपोआप भाजून निघतो. ब्लॉक मात्र पाण्याने थंड होतो, बाहेरून जेमतेम 90-100 डिग्री. म्हणजे तिथे हा रंग जन्मभर कच्चाच राहणार, हाताला कोरडा लागला तरी!

म्हणून ब्लॉक आणि हेडला (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाला) इंजिन एनॅमल, सिलिकोनवाला रंग फक्त मॅनिफोल्डला. आणि आधी डिग्रीझिंग करा, दोनदा करा, कारण बिडाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं आणि इंजिन तापलं की ते वर येऊन रंगाचे पापुद्रे काढतं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ती धूळ नाकात जाते.

आणि ते 'काळा रंग लावला की इंजिन थंड राहतं' हे डोक्यातून काढून टाका. इन्फ्रारेडमध्ये निळा, नारिंगी, काळा असे बहुतेक साधे रंग जवळपास सारखीच उष्णता बाहेर टाकतात, एमिसिव्हिटी (उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त 1) 0.9च्या आसपास. डोळ्याला दिसणारा रंग वेगळा, उष्णतेला 'दिसणारा' वेगळा. शिवाय कूलंटमधली उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर असतोच.

शेड मात्र गाडीच्या वर्षाप्रमाणेच घ्या. फोर्डने अमेरिकेत 1966 पासून इंजिनं निळी केली, त्याआधीच्या गाडीत तो निळा बघून जाणकार लगेच ओळखतो की शेड चुकलीय. नमुना काढायचा तर उघड्या भागावरून नको, तिथलं जुनं रेझिन उष्णतेने पिवळं पडतं आणि निळा हिरवट दिसतो. ग्रीसच्या जाड थराखालचा तुकडा शोधा, रॉकेलने हळूच पुसा आणि दिवसाच्या उजेडात मॅच करा.