‘ऑफुल ऑर्फन’: गळेपडू कुत्र्याची पार्श्वभूमी
जानेवारी १९४९ मध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा ‘ऑफुल ऑर्फन’ हा कार्टून लघुपट अमेरिकेतल्या थिएटरांत लागला, तेव्हा पोर्की या डुकराच्या फ्लॅटमध्ये ठाण मांडणारा चार्ली हा कुत्रा प्रेक्षकांना नवा नव्हता. सव्वा वर्षापूर्वीच्या ‘लिटल ऑर्फन एअरडेल’मध्येही तो पोर्कीच्याच मानगुटीवर बसला होता. पन्नास टक्के कॉली, पन्नास टक्के सेटर, पन्नास टक्के पॉइंटर (लगेच पाय उचलून बोट दाखवल्याची पोझ) अशी स्वतःची जाहिरात करणारा हा प्राणी. बेरीज शंभरात बसत नाही याचं त्याला सोयरसुतक नाही.

चार्लीच्या मालिकेची मोजणी सहसा ‘लिटल ऑर्फन एअरडेल’पासूनच होते: १९४७ ते १९५१, एकूण पाच लघुपट. वाद आहे तो डिसेंबर १९४१ च्या ‘पोर्कीज पूच’चा: तोही चार्लीचाच धरायचा का? त्याच स्टुडिओचा हा कृष्णधवल लघुपट, मागे चितारलेल्या दृश्यांऐवजी खरे फोटो. कुत्र्याचं नाव रोव्हर. पण थाटात राहणारा कुत्रा बेघर दोस्ताला ‘मला मालक कसा मिळाला’ हे सांगतो आणि कथा मागे जाते, हा सांगाडा १९४७ मध्ये जवळपास जसाच्या तसा उचलला गेला. मूळ दिग्दर्शक तोवर स्टुडिओ सोडून गेला होता. नाव बदललं म्हणून पात्र नवं, हा युक्तिवाद लंगडा वाटतो. लोचटपणा, तोंडाचा पट्टा, पोर्कीचा वैताग, सगळं १९४१ मध्येच आहे. नंतरच्या दिग्दर्शकाने त्याला रंग आणि नेमकं टायमिंग दिलं, हे मात्र कबूल. शेवटच्या दोन लघुपटांत पोर्की नाहीच. १९५१ मध्ये चार्ली थेट इटलीत मालक शोधतो.

हा वाद रेंगाळायला हक्कांची विक्रीही कारण ठरली. १९५५ मध्ये कृष्णधवल साठा टीव्हीसाठी एका कंपनीला विकला गेला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट १९४८ पूर्वीचे रंगीत लघुपट दुसरीला. त्यानंतरचे स्टुडिओकडेच राहिले. म्हणजे रोव्हर एकीकडे, पहिला चार्ली दुसरीकडे आणि ‘ऑफुल ऑर्फन’ तिसरीकडे. त्यात कृष्णधवल साठ्यातले बरेच लघुपट साठच्या दशकात दक्षिण कोरियात पुन्हा रेखाटून रंगवले गेले, चित्रं गाळून आणि हालचाली धक्के खात. आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टूनची वाहिनी आली, तेव्हा तिच्या मालक कंपनीकडे यातला १९४८ पूर्वीचा रंगीत गठ्ठा होता. पुढच्या वर्षी ती कंपनीच स्टुडिओच्या मूळ कंपनीत विलीन झाली आणि दोन्ही काळातले चार्ली एका मालकाकडे आले.