पुरातत्त्वीय देखरेख : नदीकाठच्या औद्योगिक जागा

इमारत, बोगदा किंवा सांडपाण्याची वाहिनी यांसाठी जमीन खणली जात असताना पुरातत्त्वज्ञाने तेथे हजर राहून उघडे पडणारे थर व अवशेष नोंदवण्याची पद्धत. ब्रिटनमध्ये तिला ‘वॉचिंग ब्रीफ’ म्हणतात. शब्द वकिलीतला आहे : जो खटल्यात पक्षकार नाही, त्याच्या हितावर लक्ष ठेवण्यासाठी न्यायालयात बसणाऱ्या वकिलाचे ते काम. उत्खननात कोठे व किती खणायचे हे पुरातत्त्वज्ञ ठरवतो. देखरेखीत ते अभियंता ठरवतो. त्यामुळे महत्त्वाचे काही निघाल्यास काम किती वेळ थांबेल, हे आधीच लेखी ठरलेले असावे लागते.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९९० च्या नियोजन मार्गदर्शिकेनंतर (क्र. १६) या कामाचा खर्च विकासकाने सोसण्याची रीत रुळली. आदल्या वर्षी लंडनच्या टेम्सकाठी सापडलेल्या, शेक्सपियरच्या काळातील रोझ नाट्यगृहाच्या अवशेषांवरून उठलेला वाद त्यामागे होता, असे सामान्यतः मानतात.

कारखान्याचे अवशेष पुरातत्त्वाच्या कक्षेत येतात, हा विचार तुलनेने नवा आहे. ‘औद्योगिक पुरातत्त्व’ ही संज्ञा प्रथम कोणी वापरली याविषयी मतभेद आहेत. इंग्रजीतील श्रेय बहुधा मायकेल रिक्स यांच्या १९५५ मधील लेखाला देतात. बर्मिंगहॅम विद्यापीठातील डोनाल्ड डडली यांच्या तोंडी ती त्यापूर्वीच होती, असेही सांगितले जाते. मात्र पोर्तुगीज अभ्यासक सोझा व्हितेर्बू यांनी १८९६ मध्येच जुन्या चक्क्यांवरील लेखाच्या शीर्षकात ती योजली होती. संज्ञेपुरते प्राथम्य व्हितेर्बू यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. अभ्यासशाखा म्हणून तिची वाढ दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये झाली. लंडनच्या यूस्टन स्थानकाची कमान १९६१–६२ मध्ये पाडली गेली, तेव्हा या विचाराला जोर आला. तोवर एकोणिसाव्या शतकाचे थर म्हणजे रोमन व मध्ययुगीन थरांवरचा राडारोडा, अशी समजूत सर्रास होती.

नदीकाठी वरून खाली साधारणपणे काँक्रीट, विटांचे पाये व यंत्रांचे चौथरे, राख व धातुमळीचा भराव, जुने लाकडी धक्के, गाळ, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि तळाशी वाळू-खडी असा क्रम लागतो. पाण्याखालच्या थरांत प्राणवायू पोहोचत नसल्याने लाकूड व चामडे टिकते. टेम्सकाठच्या धक्क्यांत मोडीत काढलेल्या जहाजांची लाकडेही सापडतात. खरी अडचण भरावाच्या कालनिर्णयात येते. तो बहुधा दुसरीकडून आणून टाकलेला असतो. त्यातल्या जुन्या खापरांवरून थराचे वय ठरवता येत नाही. सर्वांत अलीकडची वस्तू ज्या काळातली, त्याआधी तो थर पडलेला नसतो, एवढेच निश्चित म्हणता येते. लाकडासाठी वृक्षवलये (खोडातील वार्षिक वर्तुळे) किंवा कार्बन-१४, तर इमारतींसाठी जुने नकाशे उपयोगी पडतात. डांबर, शिसे, आर्सेनिक यांनी माती दूषित असल्यास किंवा खड्डा फार खोल असल्यास आत उतरता येत नाही, काठावरूनच नोंद करावी लागते. अशा नोंदीत थरांच्या सीमा अंदाजाने येतात. अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे.

पूर्व लंडनमध्ये ली नदी टेम्सला मिळते, तेथे लिमो द्वीपकल्पावर क्रॉसरेल या भुयारी रेल्वेच्या कामात टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचे अवशेष उघडे झाले. १८३७ च्या सुमारास सुरू झालेल्या पेढीतून १८५७ मध्ये ही कंपनी आकारास आली. लोखंडी सांगाड्याची चिलखती युद्धनौका ‘वॉरियर’ येथेच बांधून २९ डिसेंबर १८६० रोजी पाण्यात सोडण्यात आली. कारखाना १९१२ मध्ये बंद पडला. कामगारांनी १८९५ मध्ये काढलेला फुटबॉल संघ पुढे वेस्ट हॅम युनायटेड झाला.

लंडनमध्येच टेम्सकाठी व्हॉक्सहॉल येथे ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या आजच्या इमारतीच्या जागी सतराव्या शतकातील काचभट्ट्या मिळाल्या. या इमारतीपुढच्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काठावर १९९३ मध्ये लाकडी खांबांच्या दोन रांगा आढळल्या. त्यांचा काळ इ. स. पू. १५०० च्या आसपास धरतात. हा पूल की नुसता धक्का, यावर वाद आहे. रांगा दोन असल्याने पुलाचे मत अधिक मान्य आहे. मात्र तो पलीकडच्या तीरापर्यंत नव्हे, मधल्या एखाद्या बेटापर्यंतच असावा. तेथेच २०१० मध्ये त्याहून सुमारे तीन हजार वर्षे जुने सहा खांब मिळाले. त्यांचा उपयोग ठरलेला नाही.